हिरव्या स्क्रीनमागचे नियम

कंपनीत नवा माहिती-तंत्रज्ञान प्रमुख रुजू झाला, की पहिल्या काही महिन्यांत त्याच्यासमोर येणाऱ्या प्रस्तावांत एक प्रस्ताव हमखास असतो. गोदामात, हिशेब विभागात आणि फोनवरून ऑर्डरी घेणाऱ्यांच्या टेबलांवर काळ्या स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांत जी प्रणाली वर्षानुवर्षे चालत आली आहे, ती ब्राउझरमध्ये आणावी, असे त्यात म्हटलेले असते. सोबत दोन चित्रे जोडलेली असतात. डावीकडे आजची स्क्रीन. उजवीकडे तीच माहिती गोल कोपऱ्यांच्या चौकटींत, वर कंपनीचे बोधचिन्ह, बाजूला मेनू. ही दोन चित्रे पाहून संचालक मंडळ पैसे मंजूर करते. माझे म्हणणे असे, की मागणी रास्त आहे, पण ती ज्या क्रमाने पुरी केली जाते तो क्रम उलटा आहे. आणि त्याचा भुर्दंड मंजुरी देणाऱ्यांना पडत नाही, तो त्या टेबलांवर दिवसभर बसणाऱ्यांना आणि त्यांच्याकडे काम घेऊन येणाऱ्या ग्राहकांना पडतो. बँका, विमा कंपन्या, घाऊक वितरक, सुटे भाग बनवणारे कारखाने अशा ठिकाणी या प्रणाली आजही चालतात आणि त्यांच्या फेरबांधणीचे बरेचसे काम पुण्या-मुंबईत होते. त्यामुळे हा प्रश्न परक्या देशातल्या कंपन्यांचा आहे असे म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही.

इथे बोलतो आहोत ते प्रामुख्याने आयबीएमच्या एएस/४०० या घराण्याबद्दल. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे घडलेले हे यंत्र २१ जून १९८८ रोजी जाहीर झाले. सिस्टिम/३६ आणि सिस्टिम/३८ ही त्याच गावात तयार झालेली दोन यंत्रे आधी बाजारात होती आणि दोन्हींचे ग्राहक सांभाळण्याची जबाबदारी या नव्या यंत्रावर होती. मोठा, महागडा मेनफ्रेम संगणक परवडत नाही आणि नुसत्या पीसीवर धंदा चालत नाही, अशा मधल्या कंपन्यांसाठी ते बनवले होते, म्हणून मिडरेंज. पुढे आयसिरीज, सिस्टिम आय अशी नावे बदलत २००८ मध्ये ते पॉवर सिस्टिम्समध्ये विलीन झाले आणि ऑपरेटिंग सिस्टिमला ‘आयबीएम आय’ हे नाव मिळाले. वापरणारे मात्र अजून ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात.

स्क्रीन जुनी दिसते म्हणून यंत्रही जुने असेल, हा समज प्रस्तावांत इतक्या सहजपणे गृहीत धरला जातो, की त्याचे निराकरण आधी केले पाहिजे. या यंत्राचे प्रमुख रचनाकार फ्रँक सोल्टिस आणि त्यांचे सहकारी यांनी प्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष प्रोसेसर यांच्यामध्ये एक यंत्रनिरपेक्ष थर ठेवला. १९९५ साली आयबीएमने ४८-बिटी प्रोसेसर सोडून ६४-बिटी पॉवरपीसी प्रोसेसर आणला, तेव्हा बहुतेक प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता, म्हणजे मूळ मजकुरावरून नव्याने न घडवता, नव्या यंत्रावर चालू लागले, ते या थरामुळे. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच आहे आणि त्याला एसक्यूएल या डेटाबेसच्या प्रमाण भाषेतून प्रश्न विचारता येतात. अपाची, पायथन, नोड ही आजच्या वेब प्रोग्रॅमिंगची साधने त्याच यंत्रावर चालतात. २०२५ मध्ये आलेल्या ७.६ या आवृत्तीत एकाहून अधिक घटकांनी ओळख पटवण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्येच दिली आहे. तेव्हा यंत्र कालबाह्य झाले म्हणून वेब हवे, हा युक्तिवाद टिकत नाही. जुनी आहे ती बोलण्याची पद्धत, आणि ती जुनी असली तरी तिच्यात काय काय बसवलेले आहे हे न पाहता ती बदलणे धोक्याचे आहे.

ती पद्धत म्हणजे ५२५०, आयबीएमच्या टर्मिनलची, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या स्क्रीन आणि कीबोर्डची, सर्व्हरशी बोलण्याची रीत. स्क्रीनवर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरांची जागा. मोठ्या स्क्रीनवर २७ ओळी आणि प्रत्येकीत १३२ अक्षरांची. सर्व्हर पूर्ण स्क्रीन एकदम पाठवतो, वापरणारा त्यातले रकाने भरतो, आणि तो भरत असताना सर्व्हरला काही कळत नाही. एंटर किंवा एखादे फंक्शन बटण दाबले, की बदललेले रकाने एकदम परत जातात. एफ३ म्हणजे बाहेर, एफ१२ म्हणजे मागे, एफ४ म्हणजे यादी दाखव, एफ५ म्हणजे ताजी माहिती आण. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक कंपनीत, साधारण हेच. यादीच्या स्क्रीनवर ओळीच्या आधी २ टाकले की बदल, ४ टाकले की काढून टाक, ५ टाकले की दाखव. हे संकेत इतके एकसारखे पाळले गेले, की एका कंपनीतला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला तरी त्याची बोटे अडत नाहीत.

ऑर्डर घेणाऱ्या सरावलेल्या ऑपरेटरचे काम जवळून पाहिले, तर त्याची नजर स्क्रीनवर फारशी नसते. ती हातातल्या कागदावर असते किंवा फोनवरच्या बोलण्यात गुंतलेली असते. ग्राहक क्रमांक, फील्ड एक्झिट (रकाना संपवून पुढच्या रकान्यात नेणारे बटण). मालाचा कोड, फील्ड एक्झिट. नग, फील्ड एक्झिट. मग पुढची ओळ. पुढची स्क्रीन उमटण्याआधीच तिच्यात काय टाकायचे ते त्याने टाइप करून ठेवलेले असते, कारण टर्मिनल ती बटणे लक्षात ठेवते आणि स्क्रीन आली की भरून टाकते. तिसऱ्या स्क्रीनवर एफ१० दाबायचे आहे हे त्याला पहिल्या स्क्रीनवर असतानाच ठाऊक असते. माउसला हात लागत नाही. दिवसाकाठी शेकडो ओळी भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने स्क्रीनचे सौंदर्य म्हणजे तिने वाट पाहायला लावू नये आणि जागा बदलू नये, एवढेच. नवी स्क्रीन दाखवणाऱ्या सादरीकरणाला हा माणूस बहुधा बोलावलेला नसतो.

ब्राउझरमध्ये आणण्याचे जे स्वस्त मार्ग आहेत, त्यांत ५२५० चा प्रवाह मधेच पकडून त्याचे वेबपानात रूपांतर करतात. आयबीएमचे स्वतःचे हॅट्स हे साधन चालत्या प्रवाहावर नियम लावून हे करायचे. वेबफेसिंग नावाचे साधन स्क्रीनच्या मूळ व्याख्येवरून, म्हणजे डिस्प्ले फाइलच्या सोर्सवरून, आधीच पाने बनवून ठेवायचे. इतर विक्रेत्यांचीही अशी साधने आहेत आणि त्यांतली काही खरोखर चांगली आहेत. मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही, हे यांचे आकर्षण. प्रोग्रॅमला वाटते आपण अजून टर्मिनलशीच बोलतो आहोत. आणि त्रासाचे मूळही तिथेच आहे.

साधी बटणांची गोष्ट घ्या. ब्राउझरने एफ१, एफ३, एफ५, एफ११, एफ१२ ही बटणे आपल्या कामांसाठी आधीच घेऊन ठेवली आहेत: मदत, पानातला शोध, पान पुन्हा आणणे, पूर्ण स्क्रीन, आणि डेव्हलपरची साधने. एफ१२ दाबून एक पायरी मागे जायची सवय असलेल्या माणसासमोर अचानक प्रोग्रॅमरांची खिडकी उघडते. ही बटणे अडवून आपल्याकडे वळवता येतात, पण ती प्रत्येक पानावर, प्रत्येक ब्राउझरमध्ये, प्रत्येक क्षणी अडतीलच याची हमी कुणी देत नाही. आधीच टाइप करून ठेवण्याची सोय बहुतेक रूपांतरांत हरवते, कारण पान पूर्ण उतरेपर्यंत बटणे कुणीच साठवत नाही. प्रत्येक स्क्रीनमागे क्षणभराचा विलंब वाढतो. बैठकीत तो कुणाच्या लक्षातही येत नाही. महिनाअखेरीला बिले बनवणाऱ्या टेबलावर तो संध्याकाळी उशिरापर्यंत थांबण्याच्या रूपाने दिसतो.

बटणांपेक्षा खोल असलेली अडचण स्थितीची आहे. टर्मिनलवरचा प्रोग्रॅम स्क्रीन पाठवतो आणि उत्तराची वाट पाहत त्याच ओळीवर उभा राहतो. मधल्या काळात त्याने उघडलेल्या फाइली उघड्या असतात, आणि बदलासाठी वाचलेली नोंद त्याने कुलूप लावून धरलेली असते. वेबचा स्वभाव याच्या नेमका उलटा: मागणी आली, उत्तर दिले, विसरून गेलो. या दोहोंची गाठ बळेच मारली, की वापरणारा ब्राउझरमध्ये मागे जाण्याचे बटण दाबतो आणि त्याच्यासमोर जुने पान उभे राहते, पण सर्व्हरवरचा प्रोग्रॅम मात्र पुढच्याच स्क्रीनवर थांबलेला असतो. आता त्याने एंटर दाबले, तर ते उत्तर कुठल्या प्रश्नाला जाईल? आणखी एक प्रसंग म्हणजे माणूस टॅब बंद करून जेवायला जातो. टर्मिनल बंद केले तर सत्र तुटल्याचे सर्व्हरला कळायचे. टॅब बंद झाल्याचे कळेलच असे नाही. मग नोंदीचे कुलूप तसेच राहते, आणि तीच नोंद मागणारा दुसरा कुणी साठ सेकंद, म्हणजे या यंत्रावरची ठरीव प्रतीक्षा, थांबून चूक दाखवणारा संदेश घेऊन परततो. हे सारे सोडवता येते, पण ते सोडवायला लागणारे काम त्या दोन चित्रांत कुठेही दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचे आहे ते याहूनही खाली, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. या प्रोग्रॅमांची भाषा आरपीजी. तिचा उगम १९५९ सालच्या आयबीएम १४०१ या यंत्राच्या काळातला. तिच्या जुन्या वळणात ०१ ते ९९ असे इंडिकेटर असतात; प्रत्येक इंडिकेटर म्हणजे चालू-बंद होणारा एक दिवा समजा. स्क्रीनची व्याख्या हे दिवे पाहून ठरवते, की कुठला रकाना दाखवायचा, कुठला लाल करायचा, कुठला भरू द्यायचा आणि कुठला बंद ठेवायचा. आता समजा एका वितरकाच्या ऑर्डर-प्रोग्रॅममध्ये इंडिकेटर ४७ चालू असेल, तर सवलतीचा रकाना भरता येत नाही. हा ४७ केव्हा चालू होतो? ग्राहकाचा वर्ग अमुक असेल, किंवा त्याची थकबाकी अमुक दिवसांहून जुनी असेल, किंवा माल विशिष्ट गटातला असेल तेव्हा. ‘थकबाकीदाराला सवलत नाही’ हा कंपनीचा नियम असा एका रकान्याच्या बंद असण्यात लिहून ठेवलेला आहे. डेटाबेसला तो ठाऊक नाही. कुठल्याही कागदावर तो नाही. ज्याने १९९१ साली तो लिहिला तो निवृत्त झाला. उद्या कुणी वेबवरून थेट ऑर्डरच्या फाइलमध्ये नोंद घालू लागला, तर नियम मोडल्याचा कसलाही संदेश येणार नाही, कारण नियम मोडलेला नसेल. तो त्या वाटेवर मुळात नसेलच.

एफ१० चे उदाहरण याहून बोलके आहे. उधारीची मर्यादा ओलांडली की स्क्रीन लाल ओळ दाखवते आणि एफ१० दाबल्यास ऑर्डर पुढे जाते. प्रोग्रॅम वाचणाऱ्याला यात एवढेच दिसते, की मर्यादा ओलांडता येते. प्रत्यक्षात त्या कार्यालयात प्रथा अशी, की लाल ओळ आली की ऑपरेटर हात वर करतो, वरिष्ठ उठून येतो, ग्राहकाचे नाव पाहतो आणि स्वतः एफ१० दाबतो. हा नियम कोडमध्ये अर्धा आहे आणि खोलीत अर्धा आहे. रूपांतर करणाऱ्याने एफ१० ऐवजी निळ्या रंगाचे ‘पुढे जा’ असे सुबक बटण ठेवले आणि ते घरून काम करणाऱ्या नव्या भरतीच्या हाती दिले, तर खोलीतला अर्धा नियम नाहीसा होतो. लेखापरीक्षकाला तो वर्षभराने सापडेल, आणि तोवर बुडीत उधारीचे खाते वाढलेले असेल.

सुरक्षेचेही तेच. या यंत्राची सुरक्षाव्यवस्था नीट वापरली तर फार काटेकोर आहे. पण पुष्कळ कंपन्यांनी तिच्याऐवजी मेनूवर भरवसा ठेवला. ऑपरेटरला फक्त त्याचा मेनू दिसतो, आज्ञा टाइप करण्याची मुभा त्याला दिलेली नसते, त्यामुळे तो नको तिथे पोहोचू शकत नाही. मागे फाइली मात्र सर्वांना बदलासाठी खुल्या असतात, कारण नवी वस्तू तयार झाली की तिच्यावर सर्वांना बदलाचा अधिकार देणे ही यंत्राची मूळ ठरीव नेमणूक (डिफॉल्ट) आहे आणि ती बदलायचे कुणाला सुचले नाही. एक्सेलमधून या फाइलींना जोडणी करता येऊ लागली, तेव्हाच ही भिंत कागदी असल्याचे उघड झाले होते. वेबचा दरवाजा उघडल्यावर ती भिंत आहे असे समजणे हा निव्वळ हलगर्जीपणा ठरेल.

थोडे विषयांतर करून सांगायला हवे, की वेबकडे धाव घेण्यामागची कारणे नेहमी तांत्रिक नव्हती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयबीएमने आपल्या सर्व्हरांवर ५२५० च्या कामासाठी प्रोसेसरचा वेगळा वाटा ठरवून त्याचे वेगळे आणि जबर पैसे लावायला सुरुवात केली. तो वाटा ओलांडला, की यंत्र स्वतःच स्वतःला मंद करायचे. ग्राहकांनी याला ‘इंटरॅक्टिव्ह टॅक्स’ असे नाव दिले होते. तेच काम वेबमार्गे आणले तर तो कर चुकवता येत असे, आणि कित्येकांनी वेब-रूपांतराचा निर्णय त्या दरपत्रकाकडे पाहून घेतला. पुढे आयबीएमने ती पद्धत मागे घेतली, पण घाईने केलेली रूपांतरे मागे राहिली. किंमत आकारण्याची पद्धत बांधणीची पद्धत कशी ठरवते, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुण्याच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

मग वेब नकोच का? असे मी मुळीच म्हणत नाही. वितरकाच्या ग्राहकाला आपली ऑर्डर कुठवर आली हे रात्री अकरा वाजता पाहायचे असेल, तर त्याला फोन करायला लावणे आणि आपल्या ऑपरेटरला त्यासाठी स्क्रीन उघडायला लावणे यात काही शहाणपण नाही. महिन्यातून एकदा अहवाल पाहणाऱ्या व्यवस्थापकाला एफ१७ म्हणजे शिफ्ट आणि एफ५ हे लक्षात ठेवायला सांगणे अन्यायाचे आहे. गोदामात हातात स्कॅनर घेऊन फिरणाऱ्याला ८० अक्षरांच्या ओळींची स्क्रीन बोटभर काचेवर दाखवणे हास्यास्पद आहे. आपल्या भाषेच्या बाजूनेही मुद्दा आहे: एका चौकटीत एक अक्षर या हिशेबाने आखलेल्या स्क्रीनवर काना-मात्रा आणि जोडाक्षरे नीट बसत नाहीत, ग्राहकाला त्याच्या भाषेत त्याच्या विमापत्राची माहिती द्यायची असेल, तर युनिकोड जाणणाऱ्या वेबपानाला पर्याय नाही. यातली प्रत्येक गरज खरी आहे. पण यांतले कुणीही दिवसभर त्या स्क्रीनसमोर बसत नाही, हेही तितकेच खरे आहे. येता-जाता वापरणाऱ्याला स्क्रीनने हात धरून न्यावे लागते. दिवसभर वापरणाऱ्याला तिने वाटेतून बाजूला व्हावे लागते. एकाच पानाने दोघांना खूष करायला गेले, की दोघेही नाखूष होतात.

आपल्याकडचे या बाबतीतले सर्वांत मोठे उदाहरण एएस/४०० चे नाही, पण प्रश्न तोच आहे. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्याला दिल्लीत सुरू झाले, ते डेक कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर, म्हणजे त्या काळच्या मधल्या आकाराच्याच यंत्रांवर. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि १९९९ पासून कुठल्याही खिडकीवरून कुठलेही तिकीट मिळू लागले. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू केली. तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाचे टर्मिनल काढून त्याला संकेतस्थळ वापरायला सांगितले नाही. जागावाटप, कोटा, प्रतीक्षायादी यांचे नियम आतल्या प्रणालीत राहिले आणि घरबसल्या प्रवाशासाठी तिला दुसरे दार बसवले. तत्काळच्या वेळी ते संकेतस्थळ कसे धापा टाकायचे हे पुष्कळांना आठवत असेल. पण खिडकीचा रस्ता त्या दारातून जात नव्हता. हे दूरदृष्टीने झाले की नाइलाजाने, यावर वाद होऊ शकेल. परिणाम मात्र योग्य झाला, आणि तो शक्य झाला याचे कारण नियम कुठल्याही एका स्क्रीनच्या मालकीचे नव्हते.

आता पुण्याकडे येऊ. आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला आणि ती १९९२ मध्ये टाटांबरोबरच्या भागीदारीतून परतली. एएस/४०० जन्माला आले तेव्हा आयबीएम इथे नव्हती. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक प्रोग्रॅमरांची या यंत्राशी ओळख परदेशी ग्राहकांच्या कामातून झाली आणि वायटूकेच्या, म्हणजे दोन अंकी वर्षामुळे २००० साली येऊ घातलेल्या अडचणीच्या, लाटेत ती घट्ट झाली. मुंबईच्या सीप्झमध्ये आणि नंतर पुण्याच्या हिंजवडीत बसून एका पिढीने अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांचे लाखो ओळींचे आरपीजी वाचून काढले. आजही नव्याने भरती झालेल्या मुलाला एएस/४०० च्या प्रोजेक्टवर टाकले, की तो आपले करिअर संपल्यासारखा चेहरा करतो. आणि दोन वर्षांनी त्याच्या लक्षात येते, की एखाद्या परक्या वितरकाच्या सवलतीचे नियम त्या वितरकाच्या स्वतःच्या माणसांपेक्षा आपल्याला अधिक ठाऊक आहेत. तिकडची माणसे निवृत्त होत गेली आणि ज्ञान इकडे सरकत आले. इंडिकेटर ४७ चा अर्थ आज बहुधा एखाद्या पुणेकराच्या डोक्यात आहे.

असे असूनही वेब-रूपांतराचे काम आपण कसे घेतो? स्क्रीन मोजून. अंदाजपत्रकात स्क्रीनची ‘सिंपल, मीडियम, कॉम्प्लेक्स’ अशी प्रतवारी होते, प्रत्येक प्रतीला माणसांचे दिवस लावले जातात, आणि बेरीज-गुणाकार करून आकडा ग्राहकाकडे जातो. स्क्रीन हे मोजण्याचे एकक झाले, की सर्व स्क्रीन रूपांतरित करण्यात सेवा देणाऱ्या कंपनीचा फायदा असतो. त्यांतल्या किती वापरात आहेत हे विचारण्यात तोटा असतो. वास्तविक हे यंत्र प्रत्येक प्रोग्रॅम शेवटचा कधी वापरला गेला आणि किती दिवस वापरला गेला, याची नोंद स्वतःहून ठेवते. एक आज्ञा देऊन ती यादी काढता येते, आणि वर्षअखेरीलाच चालणारे प्रोग्रॅम वेगळे काढून उरलेल्यांतल्या मृत स्क्रीन वगळता येतात. ही यादी निविदेच्या आधी काढलेली असेल, तर कामाचा आकार बदलतो. ती काढायला ग्राहकाने सांगितले नाही आणि आपणही सुचवले नाही, असे वारंवार घडते. इंटरॅक्टिव्ह टॅक्सच्या काळात आयबीएमच्या दरपत्रकाने जे केले, तेच आता आपले अंदाजपत्रक करते आहे.

क्रम कसा हवा, हे यातून उघड आहे. आधी नियम स्क्रीनमधून सोडवून काढायचे. आरपीजीच्या १९९४ नंतरच्या रूपात लहान, स्वतंत्र कार्ये लिहून ती एकत्र बांधण्याची सोय आहे. थकबाकीदाराला सवलत आहे की नाही, याचे उत्तर देणारे कार्य एकदा लिहावे आणि जुन्या हिरव्या स्क्रीनने ते आधी वापरावे. वापरणाऱ्याला फरक कळू नये, हीच त्याची परीक्षा. जे नियम डेटाबेसच्या पातळीवर बसवता येतात ते तिथे बंधनांच्या रूपाने बसवावेत, म्हणजे कुठल्याही दारातून आलेला त्यांना चुकवू शकणार नाही. फाइलींवरचे अधिकार याच वेळी घट्ट करावेत. सहा अंकी तारखांकडेही याच वेळी पाहावे, कारण दोन अंकी वर्षाचा अर्थ हे यंत्र मूळ नेमणुकीनुसार १९४० ते २०३९ असा लावते आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाची शेवटची तारीख त्या कुंपणाच्या पलीकडे केव्हाच गेली आहे. मग बाहेरच्या लोकांसाठी, येत्या-जात्यांसाठी, गोदामासाठी वेबची पाने बांधावीत, आणि ती त्यांच्या कामाच्या आकाराची असावीत, जुन्या २४ ओळींच्या आकाराची नव्हेत. दिवसभर बसणाऱ्यांचे टर्मिनल सर्वांत शेवटी काढावे, आणि तेही त्यांनी मागितले तर. २०१० मध्ये आलेल्या ओपन ॲक्सेस या सोयीमुळे एकच आरपीजी प्रोग्रॅम टर्मिनलऐवजी दुसऱ्याच मध्यस्थाशी बोलू शकतो, त्यामुळे मधल्या टप्प्यांसाठी मार्ग उपलब्ध आहेत. पण नियम आत अडकलेला असेल तर ही सोयदेखील तो नियम सोडवून देत नाही.

यावर एक आक्षेप असा, की दोन तोंडे ठेवली तर देखभालीचा खर्च दुप्पट होईल. नियम दोन ठिकाणी लिहिले तर होईलच. ते एका ठिकाणी असतील, तर हिरव्या स्क्रीनची देखभाल जवळजवळ शून्य असते, कारण ती कुणी बदलतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: नवी मुले ही स्क्रीन पाहून पळतात, त्यांना शिकवण्यात वेळ जातो. हे खरे आहे. म्हणून नव्यांना वेबवर सुरुवात करू द्यावी आणि टर्मिनल त्यांच्यासाठी खुले ठेवावे. कामाचा भार वाढला की त्यांतले किती जण आपण होऊन कीबोर्डकडे वळतात, ते पाहता येईल. तिसरा आक्षेप, की हे सगळे टाकून तयार ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारे विकतचे सॉफ्टवेअर, घ्यावे. ज्या कंपनीचे नियम खरोखर इतरांसारखेच आहेत तिने तसे जरूर करावे. पण आपले नियम कोणते, हे कळल्याशिवाय ते इतरांसारखे आहेत की नाहीत हे कसे कळणार? ईआरपीकडे जाणाऱ्यालाही इंडिकेटर ४७ चा अर्थ आधी लावावाच लागतो. तो त्याने लावला नाही, तर पहिल्या तिमाहीत ग्राहक लावून देतात.

करारात दोन कलमे बदलली तरी बराच फरक पडेल. पैसे स्क्रीनवर न आकारता सोडवून काढलेल्या आणि चाचणीने सिद्ध झालेल्या नियमांवर आकारावेत. त्यासाठी अंदाज बांधणे कठीण जाईल, आणि तीच त्या अंदाजाची खरी किंमत आहे. स्वीकृतीची चाचणी सभागृहात न घेता ऑपरेटरच्या टेबलावर, महिनाअखेरीच्या दिवशी घ्यावी: आधीच्या महिन्यात जुन्या स्क्रीनवर तेवढ्याच ऑर्डरी भरायला लागलेला वेळ नोंदवून ठेवलेला असावा, नवी पाने त्याहून मंद असतील तर शेवटचा हप्ता थांबावा, आणि सही माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाची न घेता त्या विभागाच्या मुख्य ऑपरेटरची घ्यावी.